घरच्या घरीं सुतारशाळा

दरवर्षीं वार्षिक परीक्षा आटोपली कीं एकदोन पालक आमच्याकडे येतात व एकच प्रश्न विचारतात: "मुलाला सुतारकामाची आवड दिसते. सुटींत घरीं थोडींफार हत्यारें घेऊन द्यावीं म्हणतों. कोणतीं घ्यावीं, आणि खर्च किती येईल?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचें उत्तर चुकलें म्हणजे पैसे तर वायां जातातच, पण त्याहून वाईट असें कीं मुलाचा आपल्या हातांवरचा विश्वासहि जातो. हें आम्ही पुस्तकांतून वाचून सांगत नाहीं. हा प्रसंग आमच्यावरच येऊन गेलेला आहे, म्हणून प्रथम तोच सांगतों.

नोकरीस लागल्यावर पहिल्या वर्षाच्या बचतींतून आम्ही हत्यारांची एक पेटी विकत घेतली. लहानमोठीं मिळून चोवीस हत्यारें, प्रत्येकास लाल मूठ, आणि किंमत इतकी थोडी कीं दुकानदाराचे आभार मानावेसे वाटले. पहिल्याच रविवारीं सागाच्या एका तुकड्यावर पटाशी चालविली. ती लांकूड कापीना. नुसती दाबून चिरडूं लागली. हातोडीचा जोर वाढविला तेव्हां तिची धार पत्र्यासारखी दुमडली. करवत रेघ सोडून डावीकडे पळे. महिनाभर खटपट करून आम्ही ती पेटी माळ्यावर टाकली, आणि आपल्या हातांत कसबच नाहीं अशी मनाची समजूत करून घेतली.

ही समजूत दोन वर्षें टिकली. पुढें घराची एक खिडकी दुरुस्त करण्यास एक वृद्ध सुतार आले. दुपारीं ते भाकरी खावयास बसले असतां आम्ही सहज त्यांची पटाशी उचलली व एका फळीच्या कडेस लावली. हाताच्या नुसत्या दाबानें कागदासारखें पातळ सालपट वळत वळत वर आलें. हात तेच होते, लांकूडहि तेंच होतें. आम्ही धांवत जाऊन माळ्यावरची पेटी काढली. म्हाताऱ्यानें आमच्या पटाशीवर कानस फिरविली, तों कीस सहज निघूं लागला. "मास्तर," तो म्हणाला, "हिला धार लागंल, पण टिकायची न्हाई. हिच्यात पोलाद न्हाई." चांगल्या, पाणी दिलेल्या पोलादावर कानस घसरते, चावत नाहीं, हा आमचा सुतारकामाचा पहिला धडा, आणि दुसरा असा कीं चोवीस बोथट हत्यारांपेक्षां दोन धारदार हत्यारें बरीं. पुढें जें कांहीं सांगावयाचें आहे तें याच एका गोष्टीचा विस्तार आहे: थोडा पैसा असेल तर तो आधीं धारेवर खर्च करावा, हत्यारांच्या संख्येवर नव्हे.

आतां जागेविषयीं. वेगळी खोली नाहीं, मग सुतारकाम कोठें करावें, अशी पुष्कळांची तक्रार असते. पुण्यामुंबईच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ती खरीहि वाटते. परंतु आपल्याकडील जुने सुतार आठवा. ते जमिनीवर बसत, पायाच्या आंगठ्यानें व टाचेनें फळी दाबून धरीत, आणि त्याच बैठकींत दारें, चौकटी, पाळणे व पेट्या करीत. जपानांतील सुतारांनींहि पुष्कळसें काम असेंच बसून केलें आहे. त्यांची करवत ओढतांना कापते, ढकलतांना नाहीं, आणि आपल्याकडच्या कित्येक जुन्या करवतींची रीतहि हीच होती. उंच मेजापाशीं उभें राहून काम करणें सोयीचें खरें, पण तें नसलें म्हणून अडत नाहीं. गॅलरीचा किंवा ओटीचा चार फूट लांब आणि तीन फूट रुंद कोपरा, खालीं जुनें पोतें, आणि प्रकाश डाव्या बाजूनें येईल अशी बैठक, म्हणजे उजव्या हाताची सावली आंखलेल्या रेघेवर पडत नाहीं, एवढें पुरे. जेवणाच्या हलक्या टेबलावर मात्र काम करूं नये. रंधा मारूं लागतांच तें टेबल घरभर फिरूं लागतें, आणि पाठोपाठ मातोश्रीहि येतात.

फळी पक्की धरण्यास शेगडा पाहिजे, असें पुस्तकें सांगतात. पहिल्या वर्षीं तरी तो नको. त्याऐवजीं मुलानें स्वतःच पहिली वस्तु करावी ती अशी: हातभर लांब व वीतभर रुंद अशी एक फळी घ्यावी, तिच्या एका टोकास खालच्या अंगानें एक आडवी पट्टी ठोकावी, व दुसऱ्या टोकास वरच्या अंगानें तशीच दुसरी. खालची पट्टी चौरंगाच्या, ओट्याच्या किंवा पायरीच्या कडेस अडकते. वरच्या पट्टीला कापावयाचा तुकडा टेकवून डाव्या हातानें दाबून धरतां येतो. आमच्या वर्गांतील मुलें तीस अडकण-फळी म्हणतात. ती करण्यास तीन तुकडे, चार खिळे व एक दुपार लागते.

येथें थोडें विषयांतर करण्याची परवानगी असावी. स्वीडन देशांत गोटेबर्ग शहराजवळ नेस नांवाची एक मोठी वाडी आहे. ऑगस्ट अब्राहमसन या व्यापाऱ्यानें ती १८६८ सालीं विकत घेतली, आणि त्याचा भाचा ओट्टो सॉलोमन यानें तेथें हस्तकामाच्या शिक्षकांसाठीं शाळा चालविली. देशोदेशींचे शिक्षक तेथें शिकून गेले. त्याच्या शेजारच्या फिनलंडमध्यें त्यापूर्वींच, १८६६ सालीं, ऊनो सिग्नेउस याच्या खटपटीनें हस्तकाम शाळांच्या अभ्यासक्रमांत आलें होतें. सॉलोमनची रीत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यानें मुलांच्या हातीं प्रथम दिली ती करवत नव्हे, रंधाहि नव्हे, तर साधी सुरी. कारण शेतकऱ्याच्या प्रत्येक मुलाच्या हाताला ती ठाऊक होती. त्या सुरीनें फुलझाडास आधार द्यावयाच्या काठीसारखी एखादी लहान वस्तु करावयाची; पण ती घरांत कोणाच्या तरी उपयोगीं पडली पाहिजे. एक हत्यार हाताळतां येऊं लागलें म्हणजे दुसरें. आपल्याकडेहि १९३७ सालच्या वर्धा येथील शिक्षणपरिषदेंत हस्तव्यवसायास शिक्षणाच्या मध्यभागीं आणण्याचा विचार पुढें आला, हें जाणत्या पालकांस ठाऊक असेलच. आम्हांस सांगावयाचें तें एवढेंच कीं हत्यारांची यादी करून मग काम शोधूं नये. करावयाची वस्तु आधीं ठरवावी व तिला लागेल तेंच हत्यार घ्यावें.

अलीकडे एका विद्यार्थ्याबरोबर आम्ही बाजारांत गेलों व पाटासारख्या साध्या वस्तूस लागणारीं हत्यारें घेतलीं. सगळा खर्च सुमारें साडेतीन हजार रुपये झाला, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे पैसे दोन पटाश्या व एक धारेचा दगड यांतच गेले. पटाशी एक अर्ध्या इंचाची व दुसरी एका इंचाची. बाकीच्या पैशांत बारीक दात्यांची करवत, लहान हातोडी, गुण्या, पेंचकस व पोलादी मापपट्टी हीं आलीं. मोगरी विकत घेतली नाहीं. बाभळीच्या एका ओंडक्याची घरींच केली. पटाशीच्या मुठीवर हातोडी मारूं नये, मूठ फुटते, मोगरीच मारावी.

रंधा मात्र जुना घेतला. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार अशा ठिकाणीं कसलेल्या सुतारांच्या हातचीं हत्यारें कधीं कधीं नव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या किंमतींत मिळतात. पण तेथें डोळे उघडे ठेवून जावें. वरवरच्या तांबेऱ्याला भिण्याचें कारण नाहीं: पातें एक दिवस व्हिनेगरमध्यें बुडवून ठेवावें, ब्रशानें घासावें, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावें, लागलीच कोरडें करून तेल लावावें, गंज जातो. परंतु पात्याच्या सपाट पाठीवर, धारेच्या अगदीं जवळ, गंजानें खड्डे पडले असतील तर तें पातें सोडून द्यावें. कारण धार म्हणजे दोन गुळगुळीत पृष्ठभाग जेथें मिळतात ती रेघ, आणि त्यांपैकीं एक पृष्ठभाग खड्ड्यांचा असला तर ती रेघ सलग होत नाहीं. रंध्याचा तळ मापपट्टीच्या कडेनें पाहावा. पट्टी आडवी, उभी व तिरकी ठेवली असतां खालून प्रकाशाची मोठी फट दिसूं नये.

गुण्या घेतांना दुकानदाराच्या शब्दावर भिस्त ठेवूं नये. तो खरा आहे कीं नाहीं हें तेथल्या तेथें, एका पेन्सिलीनें ठरवितां येतें. सरळ कडेची फळी किंवा जाड पुठ्ठा घ्यावा. गुण्याचा जाड दांडा कडेस टेकवून पात्यालगत एक रेघ ओढावी. नंतर गुण्या उलटा करून, दांडा त्याच कडेस पण दुसऱ्या बाजूनें टेकवून, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. त्या वर जातां जातां फांकल्या तर गुण्या खोटा, आणि त्यांच्यांत जेवढें अंतर पडलें त्याच्या निम्मी त्याची चूक. उलटविल्यानें चूक दुप्पट होऊन दिसते, ही या कसोटीची खुबी आहे. आम्ही त्या दिवशीं पांच गुण्ये असे पाहिले; तीन नापास झाले. दुकानदार आमच्याकडे ज्या नजरेनें पाहत होता ती येथें वर्णन करीत नाहीं.

गुण्या घेण्याइतके पैसे नसले तर? फळीच्या कडेवर तीस सेंटिमीटरांची खूण करावी, उभ्या रेघेवर चाळीसांची, आणि दोन खुणांमधलें तिरकें अंतर बरोबर पन्नास भरेपर्यंत उभी रेघ सरकवावी. कोन काटकोन होतो. यज्ञवेदी आंखणारांस हें पुरातन काळींच ठाऊक होतें. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत ज्या आयतांच्या कर्णांचा उल्लेख आहे त्यांत तीन व चार बाजूंचा आयतहि आहे. भूमितीच्या तासाला ज्यांस जांभया येतात त्या आमच्या मित्रांनीं हा प्रयोग फळीवर एकदां अवश्य करून पाहावा.

आतां धार. हा भाग आम्ही विस्तारानें सांगतों, कारण येथेंच बहुतेकांचें सुतारकाम संपतें. प्रथम पटाशीची सपाट पाठ दगडावर पूर्ण टेकवून घासावी. सगळी नव्हे, धारेजवळचा बोटभर भाग आरशासारखा झाला कीं पुरे. हें एकदांच करावें लागतें. मग उतरत्या बाजूस वळावें. हा उतार सुमारें पंचवीस अंशांचा असतो, आणि अगदीं टोकाशीं तीस अंशांची बारीक पट्टी काढली कीं धार अधिक टिकते. कोन कळावा कसा? कंपासपेटींतील कोनमापकानें तीस अंशांची पुठ्ठ्याची पाचर कापून दगडापाशीं उभी ठेवावी व डोळ्यानें तिच्याशीं जुळवीत राहावें. हात डुलूं देऊं नये; डुलला कीं उतार गोल होतो आणि धार बोथट राहते. कांहीं वेळानें पाठीकडून बोट फिरविलें असतां धारेवर पोलादाची बारीक लव लागते. ती टोकापासून टोकापर्यंत लागली म्हणजे समजावें कीं दगड धारेपर्यंत पोंचला. मग पाठ पुन्हां सपाट टेकवून ती लव उतरवावी, आणि शेवटीं चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर दहा वेळां मागें ओढावी. धार पाहण्यासाठीं आंगठा पुढें करूं नये. देवदाराच्या फळीचें टोक, जेथें तंतु उभे कापलेले असतात, तेथें पटाशी चालवावी. चकचकीत काप निघाला तर धार लागली, चुरा पडला तर पुन्हां दगडाकडे जावें.

दगडालाहि पैसे नसतील तर जाड काचेचा एक तुकडा घेऊन त्याच्या कडा घांसून बोथट कराव्या, आणि त्यावर पाण्यांत चालणारा काळा पॉलिश कागद चिकटवावा: आधीं ४०० नंबरचा, मग ८००, शेवटीं १५००. कागद लवकर झिजतो, पण धार दगडाइतकीच उत्तम लागते. गल्लींतून सायकलवर चाक फिरवीत येणाऱ्या धारवाल्याकडे मात्र पटाशी देऊं नये. विळी-सुरीला त्याचें चाक ठीक आहे. पटाशीचें टोक कोरड्या चाकावर तापून निळें झालें कीं त्याचें पाणी उतरलें. तो निळा भाग पुरता झिजून जाईपर्यंत तेथें धार टिकत नाहीं.

लांकूड नवें विकत घेण्याची घाई करूं नये. वखारींत सागाचे आखूड तुकडे वजनावर मिळतात. जुनीं दारें, मोडक्या पलंगाच्या पट्ट्या यांतलें लांकूड तर वर्षानुवर्षें वाळलेलें असतें, फक्त आंतले खिळे शोधून काढावे, नाहींतर नवी धार एका क्षणांत जाते. कारखान्यांबाहेर पडणाऱ्या मालाच्या चौकटींचें लांकूडहि चांगलें असतें. परदेशीं जाणाऱ्या-येणाऱ्या चौकटींवर गव्हाच्या लोंबीसारखा एक शिक्का असतो. त्यांत ‘एच टी’ हीं रोमन अक्षरें असलीं तर तें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान अर्धा तास तापविलेलें असतें. ‘एम बी’ असलीं तर त्याला मेथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तें घरांत आणूं नये.

विजेचीं यंत्रें घ्यावीं काय, असें मुलें फार उत्सुकतेनें विचारतात. आमचें उत्तर पहिल्या दोन वर्षांपुरतें तरी ‘नाहीं’ असें आहे. फिरती करवत बोटें ओळखीत नाहीं, हें एक कारण; शेजाऱ्यांची दुपारची झोंप हें दुसरें. तिसरें कारण धूळ. लांकडाची धूळ कर्करोगास कारण होते असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालींच दिलेला आहे, आणि यंत्रें बारीक धूळ फार उडवितात. धारदार रंधा धूळ करीत नाहीं, सालपटें काढतो. करवत किंवा काचकागद चालवितांना मात्र नाकातोंडावर मुखपट्टी असावी, व काम झाल्यावर जमीन ओल्या फडक्यानें पुसावी. झाडूनें धूळ पुन्हां हवेंत जाते.

पहिली मोठी वस्तु पाट असावी, असें आम्ही वर सुचविलेंच आहे. पाट दिसतो सोपा, पण लांकडाचा स्वभाव तो पुरता शिकवितो. फळी लांबीच्या दिशेनें जवळजवळ मुळींच फुगत नाहीं; रुंदीच्या दिशेनें मात्र ती हवेंतील ओल्याबरोबर वाढते व घटते. आषाढांत दारें चौकटींत अडकतात तीं याचमुळें. हात-पाऊण हात रुंदीचा पाट कोरड्या वैशाखापासून ओल्या श्रावणापर्यंत तीन-चार मिलिमीटरहि वाढूं शकतो. आतां पाटाखालीं ज्या दोन आडव्या पट्ट्या असतात त्या फळीच्या रुंदीला समांतर, म्हणजे त्यांची लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेनें. पट्टी वाढत नाहीं, फळी वाढते. त्या दोहोंस सर्वत्र सरस लावून जखडलें तर कोणी तरी हार खावी लागते, आणि ती बहुधा फळी खाते. उन्हाळ्यांत तिला मधोमध भेग पडते. म्हणून पट्टीस सरस लावूं नये. मधला स्क्रू घट्ट बसवावा, आणि दोन्ही टोकांच्या स्क्रूंचीं भोंकें पट्टींत लांबट करावीं, म्हणजे फळीस हलावयास जागा राहते.

एवढी रुंद फळी एकसंध मिळत नाहीं, तेव्हां दोन फळ्या कडेनें जोडाव्या. दोन्ही कडा रंध्यानें सरळ करून एकीवर एक उभ्या धराव्या व उजेडाकडे पाहावें. फट दिसेनाशी होईपर्यंत रंधा चालवीत राहावें. या जोडास सरस हवाच. पूर्वीं जनावरांच्या कातड्याहाडांचा सरस पाण्याच्या भांड्यांत भांडें ठेवून शिजवीत, त्याचा वास सगळ्या आळीस येई. १९५९ सालीं फेव्हिकॉल बाजारांत आल्यापासून ती यातायात गेली. दाबून धरण्यास महागडे पकड-स्क्रू नकोत. दोन्ही फळ्यांभोंवतीं सुती दोरीचा दुहेरी वेढा घालावा, दोरींत एक काठी घालून पीळ द्यावा, आणि काठी फळीला टेकवून ठेवावी. दोरीखालीं कडेला पुठ्ठ्याचे तुकडे घालावे, नाहींतर वळ उठतो. रात्रभर तसेंच राहूं द्यावें.

पाट तयार झाला कीं तो घरांतील सर्वांत सपाट फरशीवर ठेवून चारी कोपरे एकामागून एक दाबून पाहावे. पहिला पाट बहुधा डुगडुगतोच. आमचाहि डुगडुगला होता. अशा वेळीं पट्ट्यांखालीं कागदाच्या घड्या घालूं नयेत. समोरासमोरच्या ज्या दोन कोपऱ्यांवर तो झुलतो तेच दोन कोपरे उंच आहेत असें समजावें, त्या ठिकाणीं पट्टीच्या टोकाखालून रंध्याचें एकच पातळ सालपट काढावें, आणि पुन्हां फरशीवर ठेवून पाहावें.